ओठ जुळत नव्हते

काल मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासासरशी मी ऐंशीच्या दशकातल्या अंधेरीत, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका बंद गाळ्यात पोचले. आमच्या रॉक बँडच्या गाण्याचं शूटिंग होतं. डिरेक्टर सुधीरने अशी ढीगभर गाणी केली होती. "टेप चालू आहे तोवर थांबायचं नाही, शुभा," एवढंच तो बजावायचा. माझा क्लोजअप चालू होता. आधीच रेकॉर्ड केलेल्या गाण्याच्या कानठळ्या बसवणाऱ्या टेपवर मी नुसते ओठ हलवत होते.

सगळ्यांची पाठ दाराकडे होती. लाइटची वायर जळून दाराच्या काळ्या पडद्याने पेट घेतला, तो फक्त मला दिसला. मी "आग, आग" ओरडले, पण माझंच मला ऐकू येईना. पाय जागचे हलेनात. सुधीरने कॅमेऱ्याआडून अंगठा वर केला.

एकदम टेप बंद झाली. गाळ्यात माझी किंकाळी तेवढी उरली.

सगळे कसेबसे बाहेर पडलो, तेव्हा खोकत सुधीरने टेप बंद करणाऱ्या तांबेकाकांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"ओठ जुळत नव्हते," काका म्हणाले. ओठ गाण्याशी जुळतात का, तेच बघणं त्यांचं काम होतं.

सुधीरने तो शॉट गाण्यात ठेवला. लोकांना माझा अभिनय फार आवडला. त्यात माझे ओठ अजून "आग" म्हणतात, आणि गाणं वाजतच राहतं.