श्रीच्या लॅपटॉपचा ताप

किस्से हे रिकाम्या बरण्यांसारखे असतात. टाकवत नाहीत, आणि बघता बघता फळी भरते. आमच्या घरात एका लॅपटॉपनेच अशी अख्खी फळी अडवली आहे. आता नातीच्या मांडीवर तिचा लॅपटॉप घोंगावायला लागला की माझा हात आपोआप उलटा होऊन त्याच्याकडे जातो, लेकराचं कपाळ बघावं तसा. ती हसते. हसू दे. तिचा बाप, म्हणजे माझा श्री, तेव्हा हसत नव्हता.

नव्वदीची वर्षं संपत आली होती. आम्ही तेव्हा कानडी मुलखात, विमानपुऱ्यात राहायचो. श्री व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नुकता लागला होता, अजून पक्का झाला नव्हता. एका संध्याकाळी तो काळी बॅग छातीशी धरून आला, बाळाला दवाखान्यातून आणतात तशी. जेवताना म्हणाला, हे कंपनीचं आहे, सगळं काम यातच आहे, आणि काही महिन्यांनी हेच घेऊन परदेशी गिऱ्हाइकाला काम दाखवायला जायचंय. ते नीट पार पडलं तर नोकरी पक्की.

मी विचारलं, आणि याला काही झालं तर?

तर म्हणे साहेबांनी तेही सांगून ठेवलंय: "हे जळलं तर मला सांगायला येऊ नकोस, तसाच घरी जा."

त्या रात्री आमटीत मीठ होतं की नाही, कोणालाच कळलं नाही.

* * *

मग असल्या वस्तूवर गेम कशाला खेळायचे, असं तुम्ही म्हणाल. शेजारच्या जयाक्काही म्हणाल्या होत्या.

त्याचं असं झालं. श्रीचे बाबा विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सगळी उमर पंखांचे पत्रे जोडणारे रिव्हेट मारण्यात गेली, पण विमानात कधी बसले नाहीत. हार्टचा झटका येऊन गेला आणि डॉक्टरांनी सगळं बंद केलं. जिना बंद, मीठ बंद, विडी बंद. बोलणं मात्र यांनी आपणहून बंद केलं. खुर्चीत बसून डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे आवाज ऐकायचे, बस. झटक्यापेक्षा मला त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायची.

म्हणून श्रीने विमान चालवायचा एक गेम आणून लॅपटॉपात घातला. बाणाची बटणं दाबून विमान वर न्यायचं, फिरवायचं, खाली उतरवायचं. वर नेणं यांना पटकन जमलं. उतरवताना पहिल्याच दिवशी ते कोणाच्या तरी शेतात घातलं, पंख तुटून बाजूला पडला. हे बघत राहिले, आणि कित्येक दिवसांनी तोंडातून पहिलं वाक्य निघालं:

"रिव्हेट मी मारलेले असते तर पंख निघाला नसता."

श्री न्हाणीघरात जाऊन रडून आला. बाहेर येऊन बघतो तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला, आणि आतला पंखा दम लागल्यासारखा ओरडतोय.

तेव्हापासून आमच्या घरात दोन काळज्या एका खुर्चीवर बसायला लागल्या. खेळू द्यावं तर यंत्र जळेल. न द्यावं तर माणूस पुन्हा गप्प होईल.

* * *

आमच्याकडे कुठलीही महागाची वस्तू उघडी ठेवत नाहीत. रेडिओला झालर, मिक्सरला झबलं, टीव्हीला पडदा. लॅपटॉपसाठी मी जुन्या नऊवारीची चौघडी गोधडी शिवली, आणि हे खेळायला बसले की तो तिच्यावर मांडून द्यायची. टेबलाचा गारठा त्याला लागू नये, एवढाच विचार. बाजूंनी गोधडी थोडी वर ओढून, नीट खोचून द्यायची.

आणि रोज ताप वाढतच चालला! हे म्हणायचे, मशीनच कच्चं आहे. श्री म्हणायचा, गेम जड आहे. मी गोधडी अजून घट्ट खोचायची.

एका रविवारी श्रीने लॅपटॉप उचलून खाली पाहिलं. पोटाशी बारीक जाळ्या होत्या, त्या गोधडीने बुजलेल्या. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो ओरडला नाही, गोधडी घडी करून माझ्या हातात दिली.

"आई, त्याला थंडी वाजत नाही गं. त्याला श्वास लागतो."

घरात हार्टचा पेशंट असताना श्वास हा शब्द मला वेगळाच लागला. ती गोधडी मी पुन्हा अंथरली नाही.

* * *

गोधडी गेली तरी ताप राहिलाच, कमी झाला इतकंच. तो बघायचं काम माझ्याकडे आलं. हे खेळत असताना मी येता जाता हाताची उलटी बाजू लावायची, आणि चटका बसला की "बास" म्हणायची.

एकदा जयाक्का आलेल्या असताना चटका जोराचा बसला. जयाक्का मराठीच, पण त्यांचे पणजोबा चिकपेटात कापडाच्या धंद्याला आलेले, त्यामुळे बोलण्यात अर्धं कानडी. त्यांनीही हात लावून बघितला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "स्वल्प ओलं फडकं ठेवा अक्का, सरी होईल." सरी म्हणजे ठीक.

भ्यालेल्या माणसाला सांगणारा कोणीही डॉक्टरच वाटतो. मी फडकं भिजवलं, पिळलं, आणि आता घालणार तोच यांनी माझं मनगट धरलं. झटक्यानंतर यांच्या हातात इतका जोर मी पाहिला नव्हता. फडक्यातलं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं.

जयाक्का शांतपणे म्हणाल्या, "मग कपाळाला नको, पायाला लावा."

* * *

मला फडक्यावरून अडवलं खरं, पण यांचा पराक्रम त्याहून मोठा. मी यशवंतपूरच्या बाजारात गेले होते. परत येऊन कोथिंबीर ठेवायला फ्रिज उघडला, तर आत लॅपटॉप!

हे शेजारी उभे. म्हणाले, फार तापला होता, तू नव्हतीस बघायला. तेवढ्यात श्री दारात. त्याचा चेहरा पाहून मी आधी यांच्यासाठी खुर्ची ओढली, मग त्याच्यासाठी. लॅपटॉपच्या अंगावर दव धरलं होतं, बाहेर काढला तसं जास्तच सुटलं. सुरू करायची कोणाची छाती होईना. तो दिवस आणि पुढचा दिवस तो टेबलावर तसाच उघडा पडून होता, आणि श्री ऑफिसात डोकं दुखतं सांगून घरी. शेवटी त्याने डोळे मिटून बटण दाबलं, आणि पडदा उजळला.

तेव्हा कुठे हे खुलासा द्यायला पुढे झाले. "मी दह्याच्या वरच्या कप्प्यात ठेवला होता. खाली ठेवला असता तर दही सांडलं असतं त्याच्यावर. एवढं कळतं मला."

* * *

त्यानंतर आम्ही शहाणे झालो. दूधदुभत्याच्या कपाटाचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवतात ना, ते बघून मी चार वाट्या पालथ्या घातल्या आणि लॅपटॉप त्यांवर ठेवला, खालून हवा खेळती. समोर टेबलफॅन. हे अर्धा अर्धा तास निवांत उडायचे. उतरताना मात्र रोज आपटायचे.

पुण्याहून माझे दीर आले होते. जेवायला बसले आणि ताटात वाटी दिसेना, तर इकडे तिकडे बघायला लागले. मी आमटी भातावरच वाढली. यांनी मान वर न करता सांगितलं, "वाट्या विमानाखाली आहेत."

दिरांनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, झटका हार्टचाच होता ना?

* * *

आणि आता ती शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीचं विमान होतं, परदेशात काम दाखवायला. त्याचाही तो पहिलाच विमानप्रवास. बॅग उघडी होती, फक्त लॅपटॉप भरायचा राहिला होता.

हे काही मागत नव्हते. नुसते बॅगेकडे बघत होते. श्रीच म्हणाला, "बाबा, एकदा उतरवा. मग भरतो."

हे बसले. वाट्या, टेबलफॅन, सगळं मांडलं. विमान वर गेलं, वळलं, आणि खाली यायला लागलं तेवढ्यात करंट गेला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, फॅन बंद. मी सूप आणून वारा घालायला लागले. आतला पंखा किंचाळत होता. मी उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. इतकं तापलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. यांच्या मानेला हात लावला, तीही घामाने ओली. मी श्रीकडे पाहिलं. नोकरी त्याची, यंत्र त्याच्या नावावर, "बास" त्याने म्हणायचं. तो बाबांच्या बोटांकडे बघत राहिला. म्हणाला नाही.

जमीन जवळ आली. चाकं टेकली. विमान आपटलं नाही, सरळ पळत राहिलं, हळू झालं, थांबलं.

आणि पडदा काळा झाला.

सुपाचा आवाजही थांबला. श्रीचा चेहरा मला अंधारात दिसत नव्हता, तेच बरं होतं. मग हे बटणांवरून हात काढत म्हणाले, "उतरल्यावर इंजिन बंद करायचंच असतं."

कोणी हसलं नाही. मी वाट्यांवरच्या त्या यंत्राजवळ बसून राहिले, थोड्या थोड्या वेळाने उलटा हात लावत. करंट आला. हाताला गार लागलं तसं मी श्रीला मान हलवली. त्याने बटण दाबलं. काही नाही. मग कुठेतरी आत गुरगुरलं, आणि पडदा उजळला. त्याचं सगळं काम जागच्या जागी होतं. त्याने ते तिथेच बसून परत परत उघडून पाहिलं.

सकाळी टॅक्सी आली. मी त्याच्या हातावर दही दिलं. हे डॉक्टरांचं न ऐकता जिना उतरून खाली आले, आणि टॅक्सीच्या खिडकीत वाकून म्हणाले, "उतरताना घाई करू नकोस. नाक जरा वर ठेव."

श्री हसला. "बाबा, विमान मी नाही चालवणार."

"माहीत आहे," हे म्हणाले, "म्हणून तर भीती वाटते."