काकांच्या फोटोखालची ओळ

शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोज पेपरात असायच्या त्या वर्षांत यवतमाळचं नाव काढलं की समोरचा माणूस आवाज खाली आणायचा. पुण्यात तेच आणि युरोपातही तेच. मी तिकडे तीन महिन्यांच्या अभ्यासाला गेले होते. तिथली माणसं आपला भूतकाळ कसा जपतात, त्यातून स्वतःला कसं ओळखतात, हा विषय. वर्ग कमी, फिरणं जास्त. महायुद्धात मारल्या गेलेल्यांच्या नावांच्या पितळी पाट्या फुटपाथमध्ये बसवलेल्या होत्या. जुन्या कागदांच्या दफ्तरखान्यात एक म्हातारी बाई एका माणसाच्या मरणाची नेमकी तारीख चार वर्षं शोधत होती. मला मनातून हसू आलं. मेला तो मेला, तारखेचं एवढं काय!

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने घरचा एक फोटो दाखवून बोलायचं होतं. माझ्याकडे काकांचा होता. दिग्रसच्या जिनिंगच्या फाटकात उभे, केसांत आणि भुवयांवर कापूस. काका काविळीने गेले होते. मी एवढंच म्हटलं की हे माझे काका, कापसाच्या कामात होते, आता नाहीत. शिकवणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "त्यांनी स्वतःच?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला, तीन महिन्यांत पहिल्यांदाच. मी हो म्हणून मान हलवली.

बाईंनी तो फोटो प्रदर्शनात घ्यायचं ठरवलं. खाली त्यांनी आत्महत्या केल्याची ओळ, आणि त्यासाठी घरच्यांची सही. तो कागद घेऊन मी परत आले आणि दिग्रसला एसटीतून उतरले. सही झाली तर माझं खोटं भिंतीवर लागणार. नाही झाली तर पुढच्या शिक्षणाची शिफारस बाईंच्याच हातात.

काकू तूर निवडत होती. सूप बाजूला सारून तिने पेन मागितलं.

"कुठं करू सही?"

"आधी वाचून दाखवते."

"कायले? तू लिवलं म्हणजे बराबरच असन."

तिने पेन टेकवलंसुद्धा. मी तिचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. ती मला झापेल, दोन शिव्या घालेल, असं वाटलं होतं. बरं झालं असतं. तिने फक्त पेन खाली ठेवलं.

"इथंही बाहेरचे लोकं तेच समजतात," ती म्हणाली. "मी कोणालेच नाही म्हणत नाही."

"काहून?"

"नाही म्हटलं त विचारतीन, मंग कशानं गेले? मंग माळेचं सांगा लागते."

माळेचं मला काहीच माहीत नव्हतं. काविळीवर आमच्या भागात गळ्यात मुळीच्या तुकड्यांची माळ बांधतात. ती रोज थोडी लांबते, आणि लांबली की कावीळ उतरली असं धरायचं. पण आमचं घर बौद्ध. गंडेदोरे आजोबांनीच फेकून दिलेले. म्हणून काकूने ती गुपचूप आणली आणि काकांच्या शर्टाआड दडवली. काका दवाखान्यात ने म्हणत होते आणि ही रोज माळ बघून म्हणायची, थांबा, उतरून राह्यली. माळ बेंबीपर्यंत आली आणि काका गेले.

"असंच लिव," काकू म्हणाली. "मीच बांधली, मीच थांबवलं. तिकडं मले कोणी ओळखत नाही. वाचू दे लोकाईले."

मी नको नको म्हणत होते. तिने माझ्याकडून जुनी ओळ खोडून नवी इंग्रजीत लिहून घेतली, तिचा अर्थ मराठीत सांगायला लावला, आणि मगच सही केली.

मी बाईंना खरं काय ते कळवलं आणि कागद पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं. फोटो आता प्रदर्शनाच्या विषयात बसत नव्हता. शिफारशीबद्दल अवाक्षर नाही. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पंधरा दिवसांनी काकूचा फोन आला. इकडचं तिकडचं काहीबाही बोलली. मग तिने विचारलं, "लागला का फोटो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाचलं का त्या लोकाईनं? मी बांधली म्हून?"

"वाचलं, काकू," मी म्हटलं. "सगळ्यांनी वाचलं."