पडल्याचं मटण

आमच्या घरात मटण दोनदा हमखास शिजायचं. गावच्या जत्रेला, आणि ग्रामपंचायतीचा निकाल लागला की. जिंकलो म्हणून नव्हे. आम्ही कधी जिंकलोच नाही. वडिलांचं पॅनेल पडलं की त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात चूल पेटायची. गावात त्याला 'पडल्याचं मटण' म्हणत.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. फौजेतून पेन्शनवर ते आटपाडीकडच्या आमच्या गावी परतले आणि आल्या आल्या गावच्या मोठ्या पुढाऱ्याच्या विरोधात उभे राहिले. का, तर पाण्याचा टँकर आधी त्याच्या माणसांच्या दारात जायचा म्हणून. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं.

निकालाच्या दिवशी समोरचे लोक गुलाल उधळत मुद्दाम आमच्या दारावरून फिरायचे. आत आण्णांची माणसं ताटं मांडून बसलेली. एखादा रडवेला दिसला की आण्णा त्याच्या ताटात नळी टाकत आणि म्हणत, "जिंकल्यावर कुनीबी जेवतंय रं. तू आज जेव. फुडच्या बारीला हायेच की आपन!" मग सगळं अंगण हसायचं. आई चुलीपुढे घामाघूम झालेली असायची, तीही हसायची.

मी लग्न होऊन सांगलीला विश्रामबागेत आले, कॉलेजात शिकवू लागले. रोज दोन पेपर वाचते. सगळे सारखेच, काही बदलायचं नाही, हे माझं ठाम मत. मत द्यायला जाते, बोटाला शाई लावून घेते, घरी येऊन कुकर लावते. नवरा म्हणतो, तुझ्याशी राजकारण बोलायचं म्हणजे चहाबरोबर कारलं खायचं. म्हणू दे. माझं म्हणणं दर वेळी खरं ठरायचं आणि मी आणखी चिडचिडी व्हायचे. आण्णांचं दर वेळी खोटं ठरायचं आणि हा माणूस आपला मजेत! फार राग यायचा मला त्यांचा. खरं तर तो हेवा होता.

मग वरच्या नेत्यांनी पक्ष बदलले. आण्णा ज्यांना मानत, ते एका सकाळी ज्यांना जन्मभर शिव्या दिल्या त्यांच्याच शेजारी हार घालून उभे दिसले. हळूहळू ते लोण गावात आलं. दोन्ही गटांची दिलजमाई झाली, निवडणूक बिनविरोध करायची ठरली, आणि आण्णांना मान म्हणून एक जागा देऊ केली. त्यांच्याच माणसांनी गळ घातली, त्यांना नाही म्हणता आलं नाही. अर्ज माघारी घ्यायची मुदत संपली आणि आण्णा न लढता निवडून आले.

त्या दिवशी मी मुद्दाम गावी गेले होते. पुढाऱ्याच्या उघड्या जीपमध्ये, त्याच्या खांद्याला खांदा लावून आण्णा उभे होते. मिशीत गुलाल, कानात गुलाल. जेवण पुढाऱ्याच्या फार्महाऊसवर होतं. आण्णा तिथून न जेवताच परत आले आणि ओसरीवर टेकले.

"भाकरी हाय का गं?"

आई गेल्यापासून ती चूल थंडच होती. मी गॅसवर भाकरी टाकली, पिठलं केलं. त्यांनी दोन घास खाल्ले.

"टँकर आता आपल्याबी दारात आदी येनार म्हनं," ते म्हणाले. "आता कुनाशी भांडायचं?"

नंतर ते माझ्याकडे आले ते राहिलेच. पेपरला हात लावत नाहीत. बातम्या लागल्या की उठून गॅलरीत जातात. एकदा मी मेथी निवडत असताना शेजारी बसले आणि म्हणाले, "तू म्हनत व्हतीस त्येच खरं हाय. समदी सारखीच."

हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं टपून बसले होते! ऐकलं, आणि घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. "असं काही नाही आण्णा," मी म्हणाले, "पुढच्या वेळी..." ते वाक्य मी जन्मात कधी म्हटलेलं नव्हतं.

परवा कुठल्याशा निवडणुकीचा निकाल होता. मी सकाळीच मटण आणलं, आई करायची तसा कांदा-लसणाची चटणी घालून रस्सा केला आणि आण्णांच्या ताटात नळी टाकली. वास ओळखून त्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी चेहरा जरा हलला.

"कोन पडलं गं आपलं?"

मी पळी हातात धरूनच आत डोकावले. आतल्या खोलीतल्या टीव्हीवर एकामागून एक नावं सरकत होती. त्यात आपलं म्हणावं असं एकही नव्हतं.

आण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग रश्श्याची वाटी बाजूला सारली आणि ताकभात मागितला.