कोमटबाईंचा पाय

माझ्या सासूबाईंना हॉस्पिटलात सगळे कोमटबाई म्हणायचे. वॉर्डात आया म्हणून लागल्या तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्यांचं मुख्य काम एकच, ज्यांना उठता येत नाही त्यांना आंघोळ घालणं. पाणी अंगावर घालण्याआधी त्या बाही वर सारून त्यात कोपर बुडवायच्या. हात कामाने राठ झालेले असतात, ते खोटं बोलतात, कोपर खरं सांगतं, असं त्यांचं म्हणणं. पाणी कोमट नसेल तर बादली तशीच उचलून परत न्यायच्या, मग मोठा डॉक्टर खोळंबला तरी बेहत्तर.

एकदा चर्चमध्ये पाळकांनी कोमट विश्वासणाऱ्यांना चांगलंच फैलावर घेतलं. माणसाने गरम तरी असावं नाहीतर थंड, कोमट माणूस देवाच्या कामाचा नाही, असं ते तावातावाने सांगत होते आणि मागच्या बाकावरच्या सगळ्या नर्सबाई तोंडावर रुमाल धरून सासूबाईंकडे बघत होत्या. बाहेर पडताना सासूबाईंनी पाळकांचा हात हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रवचन छान झालं. पण तुम्ही कधी कुणाला आंघोळ घातलेली दिसत नाही."

लग्न होऊन आले तेव्हा मला या बाईंचा धसकाच होता. घरात दूध उतू गेलं तरी त्यातून धडा निघायचा. टॉवेल वाळत घालताना म्हणायच्या, "बघ, दुसऱ्याला कोरडं करायचं तर आपल्याला ओलं व्हावं लागतं." नाडीची गाठ सोडवताना क्षमेवर दोन शब्द व्हायचे. मी तोंडाची फटकळ. म्हणायचे, "आई, या करपलेल्या पातेल्यातून काय शिकायचं तेही सांगून टाका, म्हणजे मी घासायला मोकळी." त्या हसायच्या आणि खरंच सांगायच्या.

पण या सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत होतं. क्रुसावरच्या मरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रभूने कमरेला टॉवेल बांधला, शिष्यांपुढे गुडघे टेकले आणि त्यांचे पाय धुतले. "राजाचं काम नाही केलं त्याने, वैद्याचंही नाही," त्या म्हणायच्या. "आयाचं केलं." हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी कितीही चेष्टा करत असले तरी तेवढ्यापुरती गप्प बसायचे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. म्हातारपण नाकारणारी माणसं मला रोज भेटतात. तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतील, पण चाळिशी लागली हे कबूल करणार नाहीत. अशी लपवाछपवी मी दुकानाच्या दारातच ओळखते. घरात मात्र दिव्याखाली अंधार. सासूबाई भर उन्हाळ्यात मोजे घालून हिंडत होत्या आणि मी म्हणत होते, वयाने थंडी वाजत असेल.

शेवटी वास आला. त्या खुर्चीत बसल्या होत्या. मी काही न विचारता खाली वाकले आणि मोजा ओढला. पाऊल भाजलेलं होतं, तळव्याला मोठी चिघळलेली जखम होती आणि बोटांकडची कड काळी पडत चालली होती. साखरेच्या दुखण्यामुळे त्यांच्या तळपायांना कधीचंच काही कळेनासं झालं होतं. पाय शेकावेत म्हणून त्यांनी टब भरला आणि पाय सरळ पाण्यात सोडले. पाणी कढत होतं हे, उठून पाय पुसताना कातडी टॉवेलला चिकटली तेव्हा त्यांना समजलं.

"आणि कोपर?" मी विचारलं.

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "स्वतःसाठी कोण कोपर बुडवतं?"

मला रागही आला आणि रडूही. ज्या बाईने उभा जन्म लोकांसाठी पाणी पारखलं, तिने स्वतःच्या वेळेला एवढीही तसदी घेतली नव्हती. कोमटबाईने पाय भाजून घेतला असं लोक म्हणतील, म्हणून वर मोजा चढवला होता.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. जखम रोज नीट धुऊन पट्टी बदलायची. पुढच्या तपासणीपर्यंत काळं वर सरकलं तर पाऊल घोट्यापासून काढावं लागेल. सासूबाई दुसऱ्याच कुणा पेशंटबद्दल चाललंय अशा थाटात मान हलवत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "माझं मी करीन." कसं करणार होत्या कोण जाणे. गुडघा वाकत नव्हता आणि तळवा दिसत नव्हता. हॉस्पिटलातून नर्स पाठवली, तिला त्यांनी चहा पाजून परत धाडलं. मी रजा काढली, तर त्यांनी न्हाणीघराला आतून कडी लावली. माझा नवरा दाराबाहेर उभा राहून "अगं आई, अगं आई" करत होता. आईपुढे त्याची पहिल्यापासूनच बोबडी वळते.

दोन दिवस असेच गेल्यावर मग मीच प्रवचन द्यायचं ठरवलं. त्यांच्या पलंगावर बसले आणि म्हणाले, "तो कोळी शिष्यही असंच म्हणाला होता ना, माझे पाय धुवू देणार नाही म्हणून? त्यावर प्रभू म्हणाला, मी धुतले नाहीत तर तुझा माझा संबंध नाही, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय."

"त्याच्या पायाला धूळ होती," त्या म्हणाल्या. "माझा कुजलाय. आणि मी घेणाऱ्यातली नाही गं, देणाऱ्यातली आहे. आता या वयात नाही जमायचं. पाय जायचा तर जाऊ दे."

हे त्या तिरमिरीत बोलल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्यांनी विचार करून, ठरवून सांगितलं होतं. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ही बाई कुणाच्या हाती पाय द्यायच्या आधी तो कापून टाकायला देणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रागाच्या भरात टब भरला, त्यांच्या खुर्चीपुढे आणून आदळला आणि थेट दुखऱ्या पायाला हात घातला. आता लाथ बसेल असंच मला वाटलं होतं.

"आधी दुसरा पाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चांगला पाय आधी धुवायचा. माणसाला तुझ्या हाताची सवय होते. मग ते पाणी ओतून नवं घ्यायचं, दुखऱ्या पायाला वेगळं. कुणी शिकवलं तुला हे असलं?"

"कोण शिकवणार? शिकवणारी कडी लावून बसली होती."

त्यांनी सुस्कारा सोडला. चुकीचं काम डोळ्यांदेखत चाललेलं त्यांना सोसणं शक्यच नव्हतं. टॉवेल टबाखाली घाल. तुझ्या गुडघ्यांखाली उशी घे, नाहीतर उद्या तुलाच उचलावं लागेल. बोटांच्या मधे जाऊ दे हात. जोर नको. अगदी हळूही नको, हळू हात लावला की माणसाला वाटतं तुला किळस येतेय. मी सगळं ऐकत होते. माझे गुडघे कटकट वाजत होते, चाळिशीचा चष्मा नाकावरून घसरत होता, आणि मनात म्हणत होते, जिंकले. पेशंटची आया झाली की काम फत्ते.

पाणी बदललं आणि दुखरा पाय हातात घेतला, तेव्हा सूचना थांबल्या.

मी वर पाहिलं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि डोळे मिटले होते. आया कुठे गेली होती कोण जाणे. समोर नुसती एक म्हातारी बाई होती, आणि तिला लाज वाटत होती. त्यांनी पाय मागे घेतला नाही. एवढंच त्यांनी केलं, आणि त्याहून अवघड काम करताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही.

पट्टी बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पाय धुण्याच्या त्या गोष्टीत मी नेहमी टॉवेलवाल्याच्या बाजूला उभी असायचे. पाय पुढे करून बसलेल्यांकडे कधी बघितलंच नाही."

मी ओला टॉवेल टबात पिळला.

"मला वाटायचं मी देतेय. अगं, ते पेशंट देत होते. अनोळखी बाईपुढे उघडं पडायचं, हात वर कर म्हटलं की करायचा, कूस बदल म्हटलं की बदलायची. केवढं काळीज लागतं त्याला. ते रोज देत होते मला, आणि मी बादली उचलून पुढच्या खाटेकडे जायचे. एकालाही थँक्यू म्हटलं नाही मी."

दुसऱ्या दिवसापासून मी पाय धुवायला बसले की त्या आठवून आठवून वॉर्डातली जुनी माणसं डोळ्यांपुढे आणायच्या. पाठ चोळताना हमसून रडणारा पैलवान. लाज झाकायला मोठमोठ्याने गाणी म्हणणारा बस ड्रायव्हर. प्रत्येक तांब्यामागे "माफ करा हं" म्हणणाऱ्या शाळेतल्या मुख्य बाई. ज्या मुलीचे केस औषधांनी गेले होते आणि जिने पहिल्या दिवशी डोक्यावरचा रुमाल काढू दिला नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःच काढला, ती. प्रत्येकाचं सांगून झालं की त्या हळूच म्हणायच्या, "प्रभू, त्याचे आभार. प्रभू, तिचे आभार." मी काही श्रद्धेत फार पोचलेली बाई नाही. उपासनेत माझं अर्धं लक्ष घरच्या कामात असतं. पण त्या टबाशेजारी बसलेली असताना मला हळू आवाजात बोलावंसं वाटायचं. खोली तीच, खिडकीतून खालच्या गॅरेजची ठोकठोक तशीच यायची. तरी माझ्या हातातलं ते पाऊल मला दर दिवशी जास्त जड, जास्त मोलाचं वाटत गेलं, आणि आपल्याला हे धरायला मिळालंय याचंच नवल वाटायचं.

काळं वर सरकलं नाही. दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. पुढे तळव्यावर गुलाबी, बाळासारखी कातडी धरली. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले की आता पट्टी नको, जखम धुण्याची गरज नाही, त्यांचं त्या करतील.

घरी आल्यावर मी टब स्वच्छ पुसला आणि माळ्यावर टाकायला स्टूल ओढलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी उभ्या जन्मात माझ्याकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता.

"डॉक्टर म्हणाले गरज नाही," त्या म्हणाल्या.

"हो, ऐकलं मी."

त्या चौकटीला टेकल्या आणि म्हणाल्या, "गरज नाही, तरी धुशील?"

मी स्टुलावरून खाली उतरले.