कुलपातलं माप

प्रयोगशाळेत तिला सगळे कुलूपबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडी ऐटच होती. औषधांची परीक्षा करणाऱ्या त्या सरकारी इमारतीत फ्रीजरची किल्ली तिच्याकडे असे. फ्रीजरमध्ये एका डब्यात, कापसात गुंडाळलेली, बोटाच्या पेराएवढी सीलबंद कुपी होती. तिच्यातली पांढरी पूड म्हणजे एका प्रतिजैविकाचं अस्सल माप. कंपनीचं इंजेक्शन कसदार की पाणचट, हे शेवटी त्या पुडीशी ताडूनच ठरायचं. वजनंच हलकी असली तर तराजूला बोल लावून काय उपयोग?

परीक्षा तशी साधी. काचेच्या ताटलीत जेलीवर जंतू पसरायचे, जेलीला भोकं पाडायची, एकात माप घालायचं, दुसऱ्यात कंपनीचं औषध. दुसऱ्या दिवशी भोकांभोवती जंतू मेलेली स्वच्छ वर्तुळं दिसत, औषध जितकं कसदार तितकं वर्तुळ मोठं. दोन्ही सारखी आली की औषध पास.

पण अस्सल पूड मागवायची तर साहेबांच्या साहेबांपर्यंत सह्या लागत. म्हणून रोजच्या वापराला त्याच औषधाची एक बरणी ठेवलेली असे, आधीच्या कुपीतल्या अस्सल पुडीशी एकदा ताडून घेतलेली. दुधाची तहान ताकावर. त्यातही काही वावगं नव्हतं. मात्र बरणी संपली की नवी बरणी पुन्हा अस्सल कुपीशी ताडायची, असा नियम होता, आणि कुपी फोडायची म्हटलं की कुलूपबाईच्या जिवावर येई. ती नवी बरणी जुन्या बरणीशीच ताडून मोकळी होई. जुनी बरणी उघडझाप करून दमट झालेली, कस गेलेली. नवी पूड तिच्या वर्तुळाशी जुळेपर्यंत पातळ करून घ्यायची, की झालं काम. पुढच्या बरणीला पुन्हा तेच. ताकाची तहान पाण्यावर आली, तरी कुणाला पत्ता नाही, कारण वर्तुळं एकमेकींशी जुळतच होती. थोरल्या साहेबांनी तर निवृत्त होताना चारचौघांत तिचं कौतुक केलं होतं, की बाईंच्या हाताला फार बरकत.

घरीही तीच तऱ्हा. धाकट्या बहिणीने हौसेने आणलेल्या चादरी कपाटात, आणि अंगाखाली विरलेलं जुनेर. दोघी बहिणी, दोघीच घरात.

"ताई, तू गेलीस ना, की तुझ्या तेराव्याची वाटसुद्धा न बघता मी त्या चादरी काढणार," धाकटी म्हणायची.

"काढ. तोवर हात लावू नकोस."

धाकटीला लघवीचा त्रास झाला, अंगात ताप भरला, म्हणून दवाखान्यात ठेवली. इंजेक्शनं सुरू झाली आणि ताप काही हटेना. वॉर्डाची डॉक्टर तरुण होती, पण डोकं जागेवर असलेली. तिने कुलूपबाईला बाजूला घेतलं.

"हे इंजेक्शन लागू पडत नाहीये असं वाटतंय. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं बाहेरून मागवू या का?"

कुलूपबाईला ते लागलं. "औषधात खोट नाही, डॉक्टर. ही बॅच आमच्याकडूनच पास झालीय. मी स्वतः वर्तुळं मोजलीत."

मापाची मालकीणच असं म्हणाल्यावर डॉक्टरने ते मानलं. तेच इंजेक्शन पुढे चालू राहिलं. धाकटी बडबडायला लागली तेव्हा डॉक्टरने कुणालाही न विचारता दुसऱ्या कंपनीचं मागवलं. ताप उतरला. पण तोवर विष रक्तात भिनलं होतं, आणि बिनतापाच्या थंडगार अंगाने धाकटी गेली. चादरी कपाटातच राहिल्या.

औषध तेच, कंपनी तेवढी निराळी, आणि ताप उतरला. हे कुलूपबाईच्या डोक्यातून जाईना. कामावर परतली त्या दिवशी तिने वॉर्डातून मागून आणलेलं पहिल्या कंपनीचं इंजेक्शन पर्समधून काढलं. मग फ्रीजर उघडला आणि अस्सल कुपीचं सील तोडलं. एका ताटलीत तीन भोकं पाडली. एकात इंजेक्शन, एकात बरणी, एकात अस्सल पूड.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शनचं आणि बरणीचं वर्तुळ जुळ्या बहिणींसारखं, एकाच मापाचं, बारकं. अस्सल पुडीचं वर्तुळ इतकं मोठं, की मोजपट्टी लावायचीही गरज नव्हती. बैल गेला आणि झोपा केला. खरं माप इतकी वर्षं चार पावलांवर, तिच्याच किल्लीखाली पडून होतं. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःची शिसारी आली.

ती ताटली घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी पाहिलं, त्यांना कळलं, त्यांचा चेहरा पडला. मग ते सावरले.

"बाई, ही कुपी फोडायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

हे वाक्य तिचंच होतं. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला तिने ते याच सुरात ऐकवलं होतं.

"ताटली धुऊन टाका," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळलाय, मला कळतं. पण झालं ते झालं. आता उगाच सगळ्यांना गोत्यात आणू नका."

तिने फ्रीजरची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि ताटली झाकून तशीच निघाली.

वॉर्डात धाकटीच्या खाटेवर दुसरी बाई होती. उशाशी तिची मुलगी बसली होती, कपाळावरची ओली पट्टी बदलत. ट्रेमध्ये त्याच कंपनीचं इंजेक्शन. कुलूपबाईने डॉक्टरला खिडकीपाशी नेलं, ताटली उजेडात धरली आणि कुठलं वर्तुळ कशाचं ते सांगितलं. "हे थांबवा," ती म्हणाली. "सगळ्यांचंच."

डॉक्टरने नर्सला हाक मारून ट्रे उचलायला लावला. मग तिने ताटली स्वतःच्या हातात घेतली.

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, औषधात खोट नाही म्हणून?"

"हो," कुलूपबाई म्हणाली. "मीच म्हणाले होते."