निळूच्या लांब बाह्या

मानवजातीच्या प्रगतीत चाकाचं कौतुक फार झालं. खरा शोध कुलपाचा. चाकानं माणसाला कुठं जाता येतं ते दाखवलं, कुलपानं कुठं जायचं नाही ते शिकवलं, आणि संस्कृती म्हणतात ती या दुसऱ्या शिकवणीतून जन्मली. हा विचार त्रिंबकराव सोनटक्क्यांना रविवारी दुपारी पावणेदोनला, आमटीभातावर ताक पिऊन गॅलरीतल्या खाटेवर आडवं झाल्यावर सुचतो. ऐकायला फक्त टेबलफॅन आहे, आणि तो डावीउजवीकडे नकारार्थी मान हलवतोय.

त्रिंबकराव भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, मुक्काम सांगली, छंद किल्लीवाचून कुलपं उघडण्याचा. चोरीशी याचा संबंध नाही. चोराला घाई असते. त्रिंबकराव एका कुलपाशी आठवडा काढू शकतात. कुलपाच्या पोटात पितळेच्या बारीक पिना असतात, स्प्रिंगवर बसलेल्या. एका हातानं पट्टीचा हलका ताण द्यायचा, दुसऱ्या हातातल्या आकड्यानं एकेक पीन वर उचलायची. सगळ्या जागेवर बसल्या की कुलूप वळतं. पिना जितक्या जास्त, तितकं कुलूप हट्टी.

हे सगळं त्यांना शिकवलं निळकंठ कुंभोजकरनं. निळू म्हणजे शाळेपासूनचा मित्र, चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलेला. दुकान बंद केल्यावर सात वर्षं, रोज दुपारी चार वाजता, दोघं त्याच्या माडीवर समोरासमोर बसायचे. कुलपं निळू आणायचा. चढत्या श्रेणीनं. आधी स्वतः उघडून दाखवायचा, तेही पाठ फिरवून, कारण त्याच्या मते कुलपाला चारचौघांत लाज वाटते. मे महिन्याच्या सांगलीतसुद्धा निळूच्या अंगात लांब बाह्यांचा पांढरा शर्ट असे. कलाकाराची लहर, असं त्रिंबकराव लोकांना सांगत.

दहा महिन्यांपूर्वी निळू गेला. त्याच्या लोखंडी कपाटाला सात पिनांचं कुलूप लावलेलं राहिलं, आणि किल्ली कुणाला सापडेना. आत घराचे कागद. इंदूवहिनी किल्लीवाल्याला बोलवायला निघाल्या, तेव्हा भर गल्लीत त्रिंबकराव आडवे आले. "निळूचं कुलूप परका माणूस कापणार? मी जिवंत असताना? रविवारी पाच वाजता उघडून देतो!"

तो रविवार हाच. सहा पिनांपर्यंत त्यांची मजल गेलेली आहे. प्रश्न एका पिनेचा आहे, असं ते पंख्याला सांगतात. पंखा मान हलवतो.

पंख्याची घरघर बारीक होत जाते, किल्ली घासायच्या यंत्रासारखी. ती यंत्राचीच आहे. गॅलरीचा कठडा दुकानाचं शटर झालाय, आणि गल्ल्यामागे निळू खिळे जोखतोय. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, गुंड्या लावलेल्या.

"झोपलास काय रे त्रिंब्या?"

"छे. डोळे मिटलेत नुसते."

"मीपण दहा महिने सगळ्यांना तेच सांगतोय."

त्रिंबकरावांना भेटीचं नवल वाटत नाही. उशीर झाल्याचं वाटतं. "निळ्या, ऐक. पाच वाजता तुझं कपाट उघडायचंय. सातवी पीन कुठं अडते तेवढं सांग."

"कशाला पडलास त्यात?"

"वहिनींना शब्द दिलाय. गल्लीसमोर."

"परत घे."

"शब्द परत घेऊ? काय तुझ्या दुकानातला माल आहे?"

"माझ्या दुकानातला मालपण मी परत घेत नव्हतो," निळू कबूल करतो आणि एक खिळा काढून ठेवतो. तराजू हलत नाही. निळू वर बघत नाही. साठ वर्षांच्या ओळखीत निळूनं मान खाली घातलेली त्रिंबकरावांनी एकदाच पाहिली होती, गणिताच्या पेपरात, आणि तेव्हा तो त्यांचाच पेपर बघत होता.

निळू गल्ल्याचा खण ओढतो. खण येतच राहतो, लांब, आणखी लांब, आणि त्रिंबकराव त्याच्या कडेकडेनं चालत भूमापन कचेरीच्या दफ्तरखान्यात पोचतात. नकाशांच्या जागी त्यांच्या घरातली कुलपं टांगलेली. प्रत्येकाला त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी. निळू शिडीवर उभा राहून तपासनिसाच्या आवाजात वाचतो.

"तीन पिना. नऊ दिवस. चार पिना. दोन दिवस. पाच पिना. पन्नास मिनिटं. सहा पिना, पैकी दोन डमरूच्या आकाराच्या, फसव्या. अकरा मिनिटं." तो चष्मा काढतो. "त्रिंब्या, जन्मभर जमिनी मोजल्यास. हा उतार तुला कधी विचित्र वाटला नाही?"

"हात बसत गेला माझा."

"मी पिना काढत गेलो."

दफ्तरखान्यात कुणीतरी शिक्का मारतं. बराच वेळ तो एकच शिक्का वाजत राहतो.

निळू खिशातून तपकिरीची डबी काढतो आणि कानाशी हलवतो. खुळखुळ. झाकण उघडून तो त्रिंबकरावांच्या तळहातावर ओततो: पितळेच्या पिना, तांदळाच्या कणीएवढ्या. ओतता ओतता डबी संपत नाही.

"सहाच्यात किती ठेवल्या होत्यास?"

"एक."

"एक?"

"ती पण काढली असती तर नुसतं हलवून उघडलं असतं. तुझा मान राखायला नको?"

"निळ्या, त्या कुलपावर मी शाल घेतली! ज्येष्ठ नागरिक संघाची! तासभर भाषण केलं, बोटांच्या स्मरणशक्तीवर!"

"मीच सुचवलं होतं तुझं नाव."

त्रिंबकराव बाहेर पडायचं ठरवतात. स्वप्नात का होईना, मुद्दाम मोठा आवाज करत दार ढकलतात आणि कृष्णेच्या घाटावर येतात. पाणी ओसरलंय. प्रत्येक पायरीला कडी, प्रत्येक कडीला कुलूप. ते वाकून एकाला हात लावतात. उघडतं. दुसरं, हात पोचायच्या आधी. मग खालपर्यंतची सगळी कुलपं आपसूक उघडत जातात, एकामागून एक, जांभया दिल्यासारखी. इतका अपमान त्यांचा बंद कुलपानं कधी केला नव्हता.

"का केलंस?"

निळू खालच्या पायरीवर पाय सोडून बसलाय. "हरलास की तू सोडतोस. कॅरम सोडलास दोन डावांत. व्हायोलिन सोडलंस. पोहणं तर याच पायरीवर सोडलंस, नाकात पाणी गेलं म्हणून. चार पिनांशी हरला असतास की दुसऱ्या दिवसापासून आला नसतास."

"म्हणून फसवायचं? सात वर्षं?"

"दुकान बंद केल्यावर दुपार केवढी होते, तुला ठाऊक नाही. चार वाजता जिन्यात तुझी चप्पल वाजायची..." निळू पाण्यात पाय हलवतो. पाण्याला आवाज नाही.

"शिकवायचं होतंस! खरं शिकवायचं! तुला येत होतं ना?"

निळू डाव्या मनगटाची गुंडी काढतो. बाहीच्या आत, बारीक टाक्यांनी शिवलेला चिमुकला खिसा. खिशात किल्ली.

त्रिंबकराव त्या खिशाकडे बघत राहतात. "मी तुला उघडताना डोळ्यांनी पाहिलंय."

"पाठ पाहिलीस तू."

"गुरू म्हणायचो रे तुला. दर गुरुपौर्णिमेला पेढे दिलेत मी."

"ते मात्र खरे होते. साखर तीनशेवर असताना खाल्लेत मी."

सात वर्षं माडीवर दोन माणसं समोरासमोर बसली होती. एकाच्या हातात पोकळ कुलपं, दुसऱ्याच्या बाहीत किल्ली. कलेचा त्या खोलीशी काही संबंध असलाच, तर इंदूवहिनींच्या चहाचा.

"एकही खरं नाही?" त्रिंबकरावांचा आवाज नको तितका बारीक येतो.

"पहिलं. तीन पिनांचं. तेव्हा मला हे सुचलं नव्हतं."

ते कुलूप त्रिंबकरावांनी घरात ठेवलंच नाही. फार प्राथमिक म्हणून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला लावून टाकलं. संग्रहात आहे ती नुसती चिठ्ठी: नऊ दिवस.

नदी चढायला लागते. निळूच्या बाह्या भिजतात. "एक काम कर," तो म्हणतो. "इंदूला सांगू नकोस."

"काय?"

"मला येत नव्हतं ते. तिला वाटतं, नवरा कलाकार होता."

"आणि मला काय वाटत होतं, त्याचं?"

"तुझं काय? तू मित्र आहेस," निळू म्हणतो. पाणी त्याच्या गुंडीपर्यंत येतं. त्रिंबकराव पिना सांडू नयेत म्हणून मूठ आवळतात.

"अहो! ऐकलं का? फोन आहे. इंदूवहिनींचा." मंदाकिनीबाई खाटेशी उभ्या आहेत. पंखा मान हलवतोय. तीन वाजायला आलेत.

छातीवर तपकिरीची डबी उघडी पडलीय. निळूच्या तेराव्याला वहिनींनी आठवण म्हणून दिलेली. शिंका येतात म्हणून दहा महिन्यांत त्यांनी ती उघडली नव्हती. खुळखुळते ती वाळलेली तपकीर, असं धरून चालले होते. ती कधी हातात घेतली, झाकण कधी काढलं ते त्यांना आठवत नाही. ते मूठ उघडतात. तळहातात एक पितळेची पीन रुतून बसलीय, तांदळाच्या कणीएवढी.

"भावजी, तुम्ही आता खटपट करू नका," फोनवर वहिनी सांगतात. "किल्ली सापडली."

त्रिंबकराव विचारत नाहीत. वहिनीच सांगतात. "यांचे कपडे द्यायला काढले होते. पांढऱ्या शर्टाच्या बाहीत, आतून खिसा शिवलेला. टाके यांचेच, वाकडे. मला म्हणाले असते तर मी नीट शिवून दिला असता की! बाहीत कोण किल्ली ठेवतं हो?"

त्रिंबकराव पिनेकडे बघतात. दगाबाज. लबाड. पेढे खाऊन गेला. सगळं जिभेवर येऊन उभं राहतं, ओळीनं, नीट.

"विसराळू होता तो, वहिनी. हरवू नये म्हणून ठेवली असेल."

"पण त्यांना किल्ली लागायचीच कुठं?"

आता बोलायला हरकत नाही. शब्द दिलेला नाही, मागितला गेला होता, तोही झोपेत. त्रिंबकराव श्वास घेतात. बोलणं ऐकत मंदाकिनीबाई दारातच थांबल्यात.

"त्याला नव्हतीच लागत," ते म्हणतात, आणि स्वतःचाच राग येऊन पीन मुठीत दाबतात. "तुमच्यासाठी ठेवली असेल. मागाहून अडचण नको म्हणून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज येतो. मग वहिनी गळा साफ करतात.

"पाच वाजता याच तुम्ही, भावजी. चहाला. आणि असं करा, कपाट उघडलंय, पण दार मेलं फार करकरतंय. येताना शिवणयंत्राचं तेल तेवढं घेऊन या."