थोरली पुसली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी कसला माणूस, ते आमच्या हळर्ण गावात कुणालाही विचारा — पोटात गोष्ट म्हणून ठरत नाही माझ्या. ही मात्र पाच वर्षं ठरली. ठरली, की कुजली?

घरातच सर्व्हर मांडायचं वेड लागलं होतं मला. एक जुना कॉम्प्युटर, दोन डिस्क, कपाटावर राउटर — आणि बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसून माझी भाषणं: आपले फोटो, आपले आवाज परक्या कंपनीच्या घरी कशाला ठेवायचे? काय रंगायचो म्हणून सांगू! वहिनी तर भारावलीच. अण्णा — माझा भाऊ, तिचा नवरा — जाऊन वर्ष झालं होतं. तो आरत्यांना घुमट वाजवायचा. मातीचं ते वाद्य घेऊन एकटाच वाजवत बसला असताना तिने फोनवर एकदाच रेकॉर्ड केलेलं. ते मी माझ्या डिस्कवर घेतलं. आणि ऐटीत तिच्या फोनमधून, कंपनीकडूनही काढून टाकलं. "आता अण्णा घरी आला," म्हणालो.

दुसरी प्रत? तीच तर करायला बसलो होतो! डिस्कना नावं दिली होती मी — आधीपासूनची, अण्णाचं घुमट जिच्यावर होतं, ती थोरली. नंतर आणलेली, चांगली दुप्पट जागेची, ती धाकटी. दोन महिन्यांनी नवी डिस्क पुसून तयार करायची, तर कुठली? नवी ती मोठी, आणि मोठी ती थोरली, आणखी कुठली — दाबलं बटण. यंत्राने विचारलंही, नक्की? मी म्हटलं, नक्की.

इथवर नुसती चूक. ती तर मी हसत हसत चव्हाट्यावर सांगितली असती. मग?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वहिनी आली. "भावजी, ह्यांचां घुमट लावा मरे जरा."

मी लावलं. नार्वे गावच्या कुणा वादकाचं — मित्राने कधीतरी पाठवलेलं. तिने डोळे मिटून घेतले. "ह्यांचो हात," म्हणाली, "मी खंयंय वळकीन."

मला तेव्हा काय वाटलं, सांगू? सुटलो, असं वाटलं. वर — हे जास्त वाईट — थोडी गंमतही वाटली. काय वेळ मारून नेली!

पुढे पुतणी, अण्णाची लेक, त्यावरच शिकली. रोज तेच लावायची, थापेला थाप जुळवायची, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मी शेजारच्या खोलीत. उठायचो, बसायचो. आज सांगू? उद्या?

गेल्या चतुर्थीला आरतीसाठी तिने पहिल्यांदा घुमट हातात घेतलं. तिच्या बोटांत नार्वेचा कुणी अनोळखी माणूस वाजत होता. अण्णा कुठेच नव्हता. वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

आणि "बापायचो हात आयलो गो तुका!" असं सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं?

मी. झांज थांबवून.